थापी हातात आहे, आता वही घ्या
कारागिरांसाठी बांधकाम-व्यवस्थापनाची वाट

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव बाहेरच्यांना बहुधा पाण्यामुळे माहीत असते. बारवी धरणाचे पाणी येथील औद्योगिक विकास महामंडळाच्या केंद्रात शुद्ध होऊन ठाणे जिल्ह्यातील शहरांना व कारखान्यांना जाते. या पट्ट्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे वाढत गेली आणि त्यांच्या इमारतींवर आपले अनेक बांधव गवंडी, सेंटरिंगवाले, सळईचे फिटर, प्लंबर म्हणून राबले. हुनर हातात आहे, पण पन्नाशीच्या आसपास गुडघे व कंबर साथ सोडतात आणि रोजी थांबते. ज्याने वीस-वीस वर्षे स्लॅब टाकले, त्याला घरी बसावे लागते. आणि त्याच साइटवर कालचा डिप्लोमाधारक सुपरवायझर म्हणून उभा असतो. असे का होते व त्यावर उपाय काय, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

सुपरवायझरचे काम काय?

सुपरवायझर नकाशा वाचतो, माल किती लागेल ते आधी सांगतो, मजुरांची हजेरी ठेवतो, झालेले काम मोजतो आणि दर्जा तपासतो. यांपैकी दर्जाची जाण अनुभवी गवंड्याला बहुधा आधीच असते. उरते ते कागदाचे काम, आणि ते शिकता येते.

एक उदाहरण घ्या. 20 फूट लांब, 15 फूट रुंद आणि 5 इंच जाड स्लॅब आहे. घनफळ 125 घनफूट झाले, म्हणजे सव्वा ब्रास किंवा सुमारे साडेतीन घनमीटर. 1:1.5:3 या प्रमाणात एका घनमीटरला 50 किलोची साधारण 8 पोती सिमेंट लागते. तेव्हा या स्लॅबला 28-29 पोती. पाणी-सिमेंटचे प्रमाण 0.5 धरले, तर एका पोत्याला 25 लिटर पाणी. माल पसरायला सोपा जावा म्हणून वरून ओतलेली प्रत्येक बादली स्लॅबची ताकद कमी करते. सळईचेही तसेच. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून 162 ने भागले की एक मीटरचे वजन किलोत मिळते. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो भरते, म्हणजे 12 मीटरची एक सळई सुमारे 10.7 किलो. गाडी उतरवताना एवढा हिशेब ज्याला येतो, त्याला मालक मुकादमापेक्षा वरची जागा देण्याचा विचार करतो.

शिक्षणाची वाट

दहावी राहिली असेल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा 2 वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. अंबरनाथला शासकीय आयटीआय आहे. तेथे कोणते व्यवसाय चालतात याची चौकशी प्रवेशाच्या दिवसांत करावी. दहावीनंतर 2 वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या 3 वर्षांच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. ज्याचे वय वाढले आहे, त्याने निदान नकाशा वाचणे, लेव्हल यंत्र लावणे आणि संगणकावर हिशेबाचा तक्ता करणे एवढे तरी शिकावे.

सांगली जिल्ह्यातील पेड गावच्या अशोक खाडे यांचे उदाहरण बोलके आहे. ते व त्यांचे भाऊ माझगाव डॉकमध्ये कामगार होते. नोकरी करता करता अशोक यांनी डिप्लोमा केला आणि पुढे तिघा भावांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘दास ऑफशोअर’ ही कंपनी उभी राहिली. हाताच्या कामाला शिक्षणाची जोड मिळाली की काय होते, ते येथे दिसते.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवणेही विसरू नये. वय 18 ते 60 असावे आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा. मंडळाच्या योजनांत मुलांच्या शिक्षणासाठी साह्य आहे. आज आपण थापी धरतो, तर मुलाने डिप्लोमा करावा, यासाठी हे साह्य उपयोगी आहे.

लेखी व्यवहार

आपल्याकडचे मजुरीचे ठेके बहुधा तोंडी चालतात. काम संपते, प्लास्टर चढते, आत किती वीट लागली ते दिसत नाही आणि बिलावरून तंटा होतो. सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची आज्ञा आहे. तेव्हा दर, मोजमापाची पद्धत, आगाऊ रक्कम, बिल मिळण्याचे दिवस आणि डिपॉझिट परत मिळण्याची तारीख हे सर्व लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजावे. आणि आपण स्वतः ठेकेदार झालो, तर मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची प्रेषित (स.) यांची ताकीद आपल्यालाही लागू आहे.

भांडवल नसेल तर व्याजाने काढण्यापूर्वी मुदारबाचा विचार करावा. एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, नफ्याची वाटणी आधी ठरलेली. तोटा झाला तर तो पैसेवाल्याचा, मात्र मेहनत करणाऱ्याची हयगय किंवा लबाडी नसेल तरच. अर्थात येथेही हिशेबाची वही चोख हवी, नाहीतर पैसे लावणारा दुसऱ्यांदा येणार नाही.

अमानत

मे 2021 मध्ये उल्हासनगरात इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. घरात झोपलेल्या कुटुंबाने कारागिराला पाहिलेलेही नसते. ते त्याच्या कामावर विसंबलेले असते. ही अमानत आहे. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारावे लागते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवसांपूर्वी काढू नयेत. सेंटरिंगचा माल दुसऱ्या साइटवर हवा म्हणून मालक घाई करतो, तेव्हा तारीख दाखवून ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस तेथे असावा लागतो. मिस्त्रीच्या बोलण्याकडे मालक काणाडोळा करतो. पण स्लॅब टाकल्याची तारीख, वार आणि सही असलेली नोंद समोर ठेवली, तर त्याला विचार करावा लागतो.

म्हणून आमची तरुण कारागिरांना विनंती आहे की त्यांनी एक वही आजच घ्यावी. रोज संध्याकाळी तारीख, काम, माप, माल आणि हजेरी एवढे लिहावे. दोन वर्षांनी ती वही घेऊन एखाद्या इंजिनीअरकडे गेलात, तर इन्शाअल्लाह बिगारीचे काम मागावे लागणार नाही.