मादीचा कौल

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर या गावी कावेरी आणि कपिला यांचा संगम आहे. पावसाळा ओसरू लागला की नदीकाठच्या अशा एखाद्या गावात एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. एक कुत्री पुढे चाललेली असते आणि पाचसात कुत्रे एकमेकांवर गुरगुरत तिच्यामागे फिरत असतात. मराठीत ‘भादव्यातले कुत्रे’ म्हणतात ते यावरूनच. आणि ते निरीक्षण अचूक आहे. पाळीव कुत्री साधारणपणे सहासात महिन्यांनी माजावर येते. भटक्या कुत्र्यांच्या प्रजननाला मात्र ऋतूचे बंधन असते, असे जयपूर येथील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही दिसून आले.

त्या घोळक्याकडे पाहून वाटते की, सारे काही नरांच्या झुंजीवर ठरते. वस्तुतः निर्णय मादीचा असतो.

माजाच्या पूर्वार्धात, सुमारे नऊ दिवस, मादीच्या शरीरात ईस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढत जाते. योनिमार्ग सुजतो, रक्तमिश्रित स्राव होतो आणि त्याच्या वासाने नर गोळा होतात. परंतु या काळात ती त्यांना जवळ येऊ देत नाही. खाली बसते, दात दाखविते, प्रसंगी चावतेही. पुढे ईस्ट्रोजेन उतरू लागते व प्रोजेस्टेरॉन चढू लागते, आणि तिचे वर्तन पालटते. नर जवळ येताच ती स्थिर उभी राहते आणि शेपटी एका बाजूस वळविते. स्राव आता पुष्कळदा फिकट झालेला असतो. रक्त दिसेनासे झाले म्हणून निर्धास्तपणे साखळी सोडणारा मालक फसतो तो इथेच. बीजकोशातून बाहेर पडलेली अंडी पक्व होण्यास आणखी दोनतीन दिवस लागतात. शुक्राणू मात्र मादीच्या शरीरात आठवडाभरही जिवंत राहू शकतात. त्यामुळे एका दिवसाचे दुर्लक्षही पुरेसे होते.

तरीही अनुकूल काळ आला म्हणजे कोणताही नर चालतो, असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक बीच यांनी एका सहकाऱ्यासह १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माजावरील माद्या काही नरांना सहज स्वीकारीत, तर काहींना वारंवार झिडकारीत, असे आढळले. पुढे १९७६ साली बीच यांनी मादीचे आकर्षण, तिचा पुढाकार आणि तिची स्वीकारशीलता या तीन वेगळ्या गोष्टी मानल्या. घोळका जमतो तो केवळ पहिलीमुळे. नरासमोर बागडणे, त्याला हुंगून थोडे दूर पळणे व पुन्हा परतणे, हा दुसरीचा आविष्कार होय.

समागमात नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेली ग्रंथी फुगते आणि दोघे एकमेकांत अडकतात. मग नर वळतो आणि दोघे पाठीला पाठ लावून बहुधा दहा ते तीस मिनिटे उभे राहतात. रस्त्यावरची पोरे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे थोरही, याच वेळी दगड मारतात किंवा पाणी ओततात. ही अवस्था इच्छेने सुटणारी नसते. घाबरून ओढाताण झाली तर दोघांनाही इजा होते. सूज उतरली की ते आपोआप वेगळे होतात.

त्याच माजात मादी दुसऱ्या नरालाही स्वीकारू शकते. म्हणूनच सुमारे दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, एखाद्या ओट्याखाली जन्मलेल्या पिलांत एक काळे, एक तांबूस आणि एक ठिपक्यांचे दिसले, तर त्या एकाच वेतातल्या पिलांचे बाप वेगवेगळे असण्याचा संभव असतो.