वूलगुल्गा : केळीच्या बागांत रुजलेली पंजाबी वसाहत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, कॉफ्स हार्बरच्या उत्तरेस वूलगुल्गा हे किनारी गाव आहे. तेथील शुभ्र घुमटांचा गुरुद्वारा एका स्थलांतरित समाजाच्या चिकाटीची साक्ष देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबमधील अनेक तरुण उपजीविकेसाठी ऑस्ट्रेलियात पोहोचले. कोणी फेरीवाले झाले, तर कोणी उसाच्या मळ्यांत राबले. मात्र १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने नव्या आशियाई लोकांना दार बंद केले. अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेत श्रुतलेखनाची चाचणी घेऊन नको असलेल्यांना परत पाठवले जाई. भारतीय हे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही, १९०२ च्या कायद्याने आशियाई रहिवाशांना सर्वसाधारणपणे संघीय मताधिकार नाकारला. भारतीयांना तो १९२५ मध्ये मिळाला. पूर्वी आलेल्यांना राहण्याची मुभा होती. परंतु बहुतेकांची कुटुंबे दीर्घकाळ पंजाबातच राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजुरांची टंचाई निर्माण झाली आणि वूलगुल्गा परिसरातील केळीच्या बागांत शीख कामगारांना काम मिळाले. पुढे त्यांनी स्वतः जमिनी घेतल्या. मळा हाती आल्यावर कुटुंबेही आली आणि तात्पुरत्या मुक्कामाचे वसाहतीत रूपांतर झाले.

१९६८ मध्ये येथे ऑस्ट्रेलियातील पहिला गुरुद्वारा उभा राहिला. टेकडीवरील गुरुनानक गुरुद्वारा १९७० मध्ये सुरू झाला. वर्णभेदी स्थलांतर धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये दूर झाले. त्यापूर्वीच या शेतकऱ्यांनी परक्या मातीत आपले गाव वसवले होते.