मंडीदीपचे ग्राफाइट आणि चिमूटभर राख

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक देशातील बहुतेक मोठ्या शहरांच्या सराफ बाजारांत आपल्या भट्ट्या मांडून बसलेले आढळतात. जुने सोने शुद्ध करताना त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते वितळविले जाते आणि मग त्या मिश्रणावर नायट्रिक अम्ल, म्हणजे बाजारातील तेजाब, ओतले जाते. चांदी व तांबे अम्लात विरघळतात; सोने तेवढे तळाशी राहते. सोने शुद्ध करावयाचे आणि त्यात आणखी चांदी घालावयाची, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. तथापि चांदी कमी पडली तर सोन्याच्या वेष्टनामुळे आतील हिणकसापर्यंत अम्ल पोहोचतच नाही. एखाद्या पदार्थावर दुसऱ्या तीव्र पदार्थाची विक्रिया घडवून त्याची शुद्धी अथवा पारख करणे, या पद्धतीचे हे आपल्याकडील परिचित उदाहरण होय.

याच तत्त्वाचे अगदी उलटे रूप मध्य प्रदेशातील मंडीदीप येथे पाहावयास मिळते. इटारसीहून भोपाळकडे जाताना भोपाळच्या अलीकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात ही औद्योगिक नगरी लागते. येथील एचईजी लिमिटेड या कारखान्यात फ्रेंच तांत्रिक सहकार्याने १९७७ साली ग्राफाइटच्या विद्युत् अग्रांचे, म्हणजे इलेक्ट्रोडांचे, उत्पादन सुरू झाले. त्याची वार्षिक उत्पादनक्षमता २०२३ मध्ये ८० हजार टनांवरून १ लाख टनांवर नेण्यात आली. मोडीचे लोखंड विजेच्या ठिणगीने वितळवून त्याचे पोलाद करणाऱ्या भट्टीत हे इलेक्ट्रोड वापरतात. सामान्यतः अशा भट्टीत माणसाहून उंच असे तीन काळे खांब वरून सोडलेले असतात आणि त्यांच्या टोकांशी ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचा विद्युत् प्रस्फुर उठतो. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील पोलाद कारखान्यातही ग्राफाइटचे इलेक्ट्रोड लागतात. जालन्याच्या सळई उद्योगातील भट्ट्या मात्र बहुशः प्रवर्तन पद्धतीच्या असल्याने त्यांना यांची गरज पडत नाही.

एवढ्या उष्णतेत टिकणारा पदार्थ स्वभावाने अत्यंत उदासीन असला पाहिजे हे उघड आहे. ग्राफाइट सामान्य दाबाखाली वितळत नाही. बहुतेक अम्ले त्याला स्पर्श करीत नाहीत. त्याचा एकच मोठा शत्रू आहे, तो म्हणजे तापलेल्या स्थितीतील हवेचा प्राणवायू. तापमान ५०० ते ६०० अंशांच्या पुढे गेले की इलेक्ट्रोडची बाजू हळूहळू जळू लागते. लोह, व्हॅनेडियम, सोडियम यांचे अंश त्यात असतील तर हे जळणे अधिक वेगाने होते. कारण हे धातू उत्प्रेरकाचे, म्हणजे विक्रियेला चालना देण्याचे, कार्य करतात. अशुद्ध इलेक्ट्रोड लवकर झिजतो. सदोष इलेक्ट्रोड तर भट्टीतच तुटून वितळलेल्या पोलादात पडतो आणि काम थांबवावे लागते.

हा पदार्थ तयार कसा होतो? प्रथम सुईसारखी रचना असलेला, आधीच भाजून घेतलेला कोक दळून व चाळून घेतात. त्यात दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले पिच गरम करून मिसळतात. शेवया पाडाव्यात तद्वत् हे मिश्रण दाबाने साच्यातून बाहेर काढतात. हा कच्चा दांडा हवा लागू न देता ८०० ते १,००० अंशांपर्यंत अत्यंत सावकाश भाजतात. पिचमधील वायू निघून गेल्याने पडलेली छिद्रे भरण्यासाठी त्याला पुन्हा पिच पाजतात व पुन्हा भाजतात. अखेरीस दांड्यांतून प्रचंड विद्युत् प्रवाह सोडून तापमान ३,००० अंशांच्या आसपास नेले जाते, तेव्हा अस्ताव्यस्त कार्बनचे ग्राफाइट बनते. या सर्वास काही महिने लागतात. हा शेवटचा शोध अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचेसन यांचा. सिलिकॉन कार्बाइड अति तापविले असता त्यातील सिलिकॉन उडून जाते व मागे शुद्ध ग्राफाइट उरते, हे त्यांच्या ध्यानी आले आणि १८९६ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

या शेवटच्या टप्प्यात एक संकट दबा धरून असते, ते कोकमधील गंधकाचे. सुमारे १,५०० ते २,००० अंशांच्या दरम्यान गंधक एकाएकी वायुरूपाने बाहेर पडू लागले, तर दांडा फुगतो व त्याला तडे जातात. महिन्यांचे श्रम काही तासांत वाया जातात. यावर उपाय म्हणून मूळ मिश्रणातच अल्प प्रमाणात लोह ऑक्साइड घालण्याची पद्धत आहे. लोह गंधकाला बांधून ठेवते व अधिक तापमानास सावकाश सोडते. येथे सहज आठवण होते ती मंडीदीपपासून जवळच असलेल्या भीमबेटका येथील शैलचित्रांची. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेल्या त्या चित्रांतील तांबडा रंग हा गेरूचा, म्हणजे लोह ऑक्साइडचाच आहे. मात्र लोहाचा हा उपयोग दुधारी होय. गंधकाला आवरणारे लोह इलेक्ट्रोडमध्ये राहून गेले तर पुढे त्याच्याच जळण्यास हातभार लावते. म्हणूनच किती गंधकास किती लोह, याचा हिशेब आधी व्हावा लागतो आणि तो प्रयोगशाळेत होतो.

गलाई करणारा सोन्यातील हिणकस विरघळवून सोने मागे ठेवतो. कार्बनची परीक्षा करणाऱ्यास मात्र मुख्य पदार्थच नाहीसा करावा लागतो. तोललेली पूड मुशीत घालून ती विजेच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत जाळतात. कार्बन वायू होऊन निघून जातो. उरते ती चिमूटभर राख, चांगल्या मालात शंभरात अर्ध्या भागाहूनही कमी. लोह, सिलिका, व्हॅनेडियम ही सारी त्या राखेत असतात. राख अम्लात विरघळवून तीत थायोसायनेटचा द्राव टाकला की लोहाचा अंश रक्तवर्ण रंगाने प्रकट होतो आणि रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण ठरविता येते.

गंधकासाठी एश्का पद्धत फार जुनी व विश्वासाची आहे. कोकची पूड मॅग्नेशियम ऑक्साइड व सोडियम कार्बोनेट यांच्या मिश्रणात घोळून ८०० अंशांपर्यंत तापवितात. गंधक पळून न जाता सल्फेटरूपाने अडकते. ते पाण्यात उतरवून, द्राव आम्लधर्मी करून त्यात बेरियम क्लोराइड घातले की पांढराशुभ्र साका खाली बसतो. तो गाळून, जाळून तोलावयाचा. १ ग्रॅम साक्यात सुमारे १३७ मिलिग्रॅम गंधक असते. १ ग्रॅम कोकमध्ये अर्धा टक्का गंधक असेल, तर हाती येणारा साका अवघा ३६ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो! रसायनशास्त्राशी फारसा परिचय नसलेल्या प्रस्तुत लेखकासही यातील हातोटीचे कौतुक वाटते. आता प्राणवायूच्या झोतात नमुना जाळून निघणारा वायू अवरक्त किरणांनी मोजणारी यंत्रे काही मिनिटांत उत्तर देतात.

परंतु यंत्र असो वा मूस, तीत जाणारा ग्रॅमभर नमुना कित्येक टन मालाचा प्रतिनिधी असतो. कोकच्या ढिगात बारीक भुकटी व जाड खडे वेगवेगळ्या जागी साचतात आणि त्यांतील राखेचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. वरवरची मूठभर पूड उचलली तर पुढील सारे अचूक तोलमाप निरर्थक ठरते. म्हणून निरनिराळ्या ठिकाणचा माल एकत्र करून त्याचा शंकू रचावा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत, दोन टाकावेत, आणि नमुना पुरेसा लहान होईपर्यंत हे पुनःपुन्हा करावे, अशी रीत आहे. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळण्याचा मोह होतो.

विक्रियाशील पदार्थ नमुन्यावर जसे झडप घालतात तसे माणसावरही. राखेतील सिलिका मोजण्यासाठी प्लॅटिनमच्या मुशीत हायड्रोफ्लुओरिक अम्ल घालतात. सिलिका वायू होऊन उडून जाते व वजनातील घट मोजता येते. काचेलाही खाणारे हे अम्ल सौम्य असल्यास त्वचेवर पडताक्षणी दुखत नाही. आत शिरून काही तासांनी असह्य वेदना सुरू होतात व शरीरातील कॅल्शियम बांधले जाऊन जिवावर बेतू शकते. ते जेथे वापरतात तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप हाताशी असणे अत्यावश्यक आहे.

पिचचा धूर तर त्याहून कपटी. धुराड्यांच्या काजळीत काम करणाऱ्यांना होणारा त्वचेचा कर्करोग इंग्लंडमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच नोंदविला होता. डांबर-पिचच्या संपर्कात होणारे काम आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत मानवास निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. धूर जागच्या जागी ओढून घेणारे पंखे, हातमोजे, पाळी संपल्यावर स्नान आणि कामाचे कपडे घरी न नेणे, हे यावरील उपाय होत. शेवटचा उपाय घरच्या माणसांसाठीही तितकाच महत्त्वाचा आहे.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळ शहरावर विषारी वायूची आपत्ती कोसळली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना, तसेच परिसरातील जनतेला देण्याचे बंधन कारखानदारांवर आले. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याची व त्या संबंधित कामगारास पाहू देण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने झाली.