परसबागेतील काजूबोंडांचा घरगुती विनियोग : एक विवेचन

प्रस्तावना

फेब्रुवारी ते मे हा कोकणातील काजूचा हंगाम. या काळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील कोणत्याही काजूच्या बागेत गेल्यास एकच दृश्य दिसते. बी पिळून काढून घेतलेली असते आणि लाल-पिवळी बोंडे झाडाखाली कुजत पडलेली असतात. बीला बाजार आहे, गिऱ्हाईक दारात येते. बोंडाला मात्र कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरीही हेच वर्षानुवर्षे घडत आले आहे. घरच्या झाडांपासून मिळणाऱ्या या विपुल परंतु अल्पायुषी फळाचा विनियोग कसा करता येईल आणि त्याला व्यावहारिक मर्यादा कोणत्या, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

बोंडाचे स्वरूप

काजूचे झाड मूळचे ब्राझीलच्या ईशान्य भागातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काजूची बी हेच खरे फळ असून बोंड म्हणजे फुगलेला देठ होय. इंग्रजीत त्यास ‘कॅश्यू ॲपल’ म्हणतात. सफरचंदाशी त्याचे कुळाचे नाते नसले तरी एक साम्य आहे : सफरचंदाचा गरही प्रामुख्याने पुष्पासनापासून बनतो. म्हणजे दोन्ही फळे ‘आभासी’ आहेत.

बोंडाचे वजन सामान्यतः बीच्या सहा ते आठ पट असते. १०० ग्रॅम बोंडात सुमारे २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक क जीवनसत्त्व असते. हे प्रमाण संत्र्याच्या सुमारे चौपट आहे. असे असूनही हे फळ बाजारात का येत नाही, याची कारणे दोन. पहिले, पिकलेले बोंड सामान्य तापमानात जेमतेम एक दिवस टिकते. साल नाजूक असल्याने गळून पडताच ते ठेचाळते आणि आंबू लागते. दुसरे, त्यातील टॅनिनमुळे जीभ आकसते व घसा खवखवतो.

तुरटपणा घालविण्याच्या पद्धती

सर्व घरगुती पदार्थांची पहिली पायरी तुरटपणा काढणे ही आहे. रसासाठी ताजी, न ठेचाळलेली बोंडे त्याच दिवशी घ्यावीत. बी पिळून वेगळी करावी, सुरीने कापू नये. टरफलातील तेल दाहक असून ते रसात उतरता कामा नये. लोखंडी विळी वा भांडे टाळावे, कारण लोहाच्या संपर्काने टॅनिन काळे पडते.

रस गाळल्यावर त्यात तांदळाची गाळलेली पेज (लिटरला सुमारे १२५ मिलिलिटर) किंवा पाण्यात शिजविलेला साबुदाणा (लिटरला सुमारे ५ ग्रॅम) मिसळून रस थंड जागी दहा-बारा तास स्थिर ठेवावा. पिष्टमय पदार्थाशी टॅनिन बांधले जाऊन साका तळाशी बसतो व वरचा नितळ रस अलगद ओतून घेता येतो. फोडी वा अख्खी बोंडे वापरायची असल्यास ती सुमारे ३ टक्के मिठाच्या पाण्यात तीन दिवस बुडवून ठेवतात व पाणी रोज बदलतात.

प्रमुख पदार्थ

नितळ रसापासून स्क्वॅश करता येतो. १ लिटर रसास सुमारे पावणेदोन किलो साखर, सव्वा लिटर पाणी व ४० ग्रॅम सायट्रिक आम्ल असे प्रमाण घेतल्यास अंदाजे चार किलो स्क्वॅश होतो. मिठाच्या पाण्यातून काढून वाफवलेल्या बोंडांचा जॅम होतो. तीच बोंडे क्रमाक्रमाने दाट होत जाणाऱ्या पाकात मुरवून सावलीत सुकविली की कँडी तयार होते. रस काढल्यावर उरणारा चोथा गांडूळखत वा बायोगॅससाठी उपयोगी पडतो. वाळवून गुरांच्या खाद्यातही तो थोड्या प्रमाणात मिसळता येतो.

गोव्यात याच बोंडांवर वेगळी अर्थव्यवस्था उभी आहे. तेथे रस आंबवून पहिल्या ऊर्ध्वपातनातून उर्राक व पुढे फेणी काढतात. गोव्याच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही. त्यामुळे एकाच झाडाचे, एकाच मातीतले फळ राज्याची सीमा ओलांडताच उत्पन्न ठरते आणि अलीकडे कचरा.

साखरेचा व श्रमाचा हिशेब

प्रक्रियेविषयीच्या लेखनात बहुधा पाककृती दिल्या जातात, हिशेब दिला जात नाही. तो येथे मांडणे आवश्यक वाटते. समजा, एका घराला हंगामात १०० किलो बी मिळाली, तर बोंडे ६०० ते ८०० किलो होतील. साठ दिवसांत विभागल्यास हे रोजचे १० ते १३ किलो होतात. त्यातून हंगामात किमान ४०० लिटर रस निघेल, असे धरता येते. या सर्व रसाचा स्क्वॅश करावयाचा तर सुमारे ७०० किलो साखर लागेल आणि दीड हजार किलोहून अधिक स्क्वॅश तयार होईल. एवढी साखर विकत घेणे आणि एवढा स्क्वॅश पिऊन संपविणे कोणत्याही कुटुंबास शक्य नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ‘बोंडे वाया जातात’ हा शेतकऱ्याच्या आळसाचा पुरावा नव्हे. हाच काळ आंब्याचा, पुढे कोकमाचा असतो आणि निवडणे, पिळणे, गाळणे ही कामे बहुतांशी घरातील स्त्रियांच्या वाट्यास येतात. दोन, घरगुती विनियोगाचा अर्थ सर्व बोंडे वापरणे असा न घेता प्रतवारी करणे असा घ्यावा. सकाळी वेचलेल्या बोंडांपैकी उत्तम तेवढी रस व कँडीसाठी, मध्यम तिखट-मीठ लावून ताजी खाण्यासाठी आणि ठेचाळलेली सर्व खतासाठी, अशी विभागणी केल्यास खर्च व श्रम दोन्ही आटोक्यात राहतात.

निष्कर्ष

वेंगुर्ला येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती देऊन बीचे उत्पादन वाढविले. बी वाढली तशी बोंडेही वाढली. त्यांच्या उर्वरित भागाचा प्रश्न घराच्या स्वयंपाकघरात सुटणार नाही. त्यासाठी गावपातळीवर सामाईक रसयंत्र, बाटलीबंद करण्याची सोय व परवान्याचे मार्गदर्शन हवे. या कामी कोकणातील महाविद्यालयांना वाव आहे. रसायनशास्त्र विभागास टॅनिनचे मापन, सूक्ष्मजीवशास्त्र विभागास रसाच्या टिकाऊपणाचा अभ्यास आणि वाणिज्य विभागास वर दिलेल्या हिशेबाची प्रत्यक्ष पडताळणी हे प्रकल्प सहज देता येतील. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ही बोंडे दरवर्षी कुजतात. अभ्यासाचे साहित्य त्यांच्या अंगणातच पडलेले आहे. ते वर्गात आणणे आपल्या हाती आहे.