दोन वेगळे पलंग आणि एक बंद गॅरेज

सकाळी ६:३०, ल प्युई-आं-व्हले

न्याहारीआधी बाइककडे एक चक्कर. टायरची हवा, चेनला तेल, पॅनियरची, म्हणजे बाजूच्या पेट्यांची, कुलपं. मग वर येऊन कागदी नकाशा पलंगावर पसरतो. मिशलँच्या १:२,००,००० प्रमाणाच्या नकाशात देखण्या रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते. फोनवरचा नकाशा लवकर पोहोचवतो, पण ही हिरवी रेघ तो दाखवत नाही. आज लांगोन्य गाठायचं, तिथून माँ लोझेरचा डोंगर ओलांडून तार्न नदीच्या घळईत उतरायचं. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्याहून जास्त अंतर मुद्दामच धरत नाही, कारण वाटेत हॉटेलं बघायची आहेत.

पुढच्या जूनमध्ये पुण्याहून दहा-बारा बाइकस्वारांचा गट येणार आहे, त्यांच्या मुक्कामांची ही रेकी. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचे कागद जोडावे लागतात. आमच्याकडे कागदपत्रांची जमवाजमव सुरू होते जानेवारीत, आणि त्या दिवसांत डोंगरातली कित्येक घरगुती हॉटेलं बंद असतात. मालक नोव्हेंबरात कुलूप लावतात ते ईस्टरच्या सुमारास उघडतात. तोवर फोन नुसता वाजत राहतो. त्यामुळे मुक्काम सप्टेंबरातच, मालकासमोर बसून पक्का करावा लागतो.

सकाळी ८:१५

बिल चुकतं करतो. खोली, न्याहारी आणि खाली माणशी पर्यटन कर. हा कर गावाच्या तिजोरीत जातो आणि बहुधा खोलीच्या दरात धरलेला नसतो, म्हणून गटाच्या अंदाजपत्रकात तो वेगळा लिहायचा. बाहेर प्लास द्यु प्लोवर शनिवारचा बाजार मांडला जातोय. चीज, मध, मशरूम आणि इथली प्रसिद्ध हिरवी मसूर. चौक भरण्याआधी निघालेलं बरं.

सकाळी ९:३०, लांगोन्यच्या वाटेवर

समोरून येणारा प्रत्येक बाइकस्वार डाव्या हाताची दोन बोटं खाली करून नमस्कार करतो. गाडीवाल्याने बाजू दिली की उजवा पाय बाहेर काढून त्याचे आभार मानायचे, ही इथली रीत. आमच्या गटाला ती पहिल्याच दिवशी शिकवायची. सीई खुणेचे हातमोजे २०१६ पासून सक्तीचे आहेत, ते इथल्या उन्हातही काढायचे नाहीत, हेही शिकवायचं.

सकाळी १०:१५

लांगोन्यच्या चौकात कॉफी आणि खरं काम. हॉटेलांच्या लाल फलकावरचे तारे मी बघतो, पण त्यांवर निर्णय घेत नाही. हे तारे आतू फ्रान्स ही सरकारी संस्था पाच वर्षांसाठी देते. खोलीचं क्षेत्रफळ, स्वागतकक्षाच्या वेळा, सोयी असे निकष त्यात असतात. मालकीण भिजलेल्या माणसाला पंचा देईल का, हे त्यात कुठे येणार? त्यापेक्षा मला लोजिची पाटी जास्त सांगते. १९४९ साली उभा राहिलेला हा स्वतंत्र हॉटेलांचा संघ. पाटी एक असली तरी प्रत्येक हॉटेल त्या त्या कुटुंबाच्या मालकीचं, आणि बहुतेक ठिकाणी जेवणघर असतं. कित्येक दारांवर चुलाण्याचं चित्र असलेली जुनी पाटी अजून आहे.

दारावरच्या दुसऱ्या खुणाही वाचायच्या. घराच्या छपरासारखं झाकण असलेल्या भांड्याचं चित्र म्हणजे पदार्थ तिथेच, कच्च्या मालापासून शिजवलेला. ही खूण २०१४ पासून आहे. मेत्र-रेस्तोरातर हा सरकारी किताब दिसला तर आणखी चांगलं. दर बाहेर लावणं हॉटेलांना बंधनकारक आहे, त्यामुळे आत न जाता अंदाज येतो.

पण सगळ्यात खरी खूण दुपारी बारा वाजता दिसते.

दुपारी १२:०५, ल ब्लेमारच्या अलीकडे

रस्त्याकडेला एक हॉटेल. समोर सुताराची व्हॅन, पोस्टाची पिवळी गाडी, दोन ट्रॅक्टर. गावचे कामकरी लोक जिथे जेवायला येतात तिथला आचारी रोजच्या परीक्षेला बसलेला असतो. आत शिरताना सगळ्यांना उद्देशून ‘बोंजूर’ म्हणायचं आणि मगच जागा शोधायची. ते न म्हणता थेट ‘खोली आहे का’ विचारलं, की समोरचा चेहरा मिटतो आणि जेवण संपेपर्यंत उघडत नाही.

दिवसाचा ठरलेला मेनू घेतला. शेवटची मंडळी उठेपर्यंत थांबलो आणि मग आचाऱ्याशी, म्हणजे मालकाशीच, बोललो. गटात चौघे शाकाहारी आहेत. या भागात मसूर बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे घालून शिजवतात. अलिगो, म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचा तो तार सुटणारा घोटा, शाकाहारी दिसतो. पण पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, आणि आमच्यातल्या एकीला ते चालत नाही. मी हे सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी वही काढली, चारही नावांपुढे काय चालत नाही ते लिहून घेतलं आणि विचारलं, “मादामना अंडं चालतं का?” चालतं. “मग रानातल्या मशरूमचं ऑम्लेट आणि वेगळ्या भांड्यात शिजवलेली मसूर.” इतकं विचारणारा माणूस मिळाला, की त्याच्या खोल्यांतला जुना वॉलपेपर मला खुपत नाही.

दुपारी २:००, कोल द फिनिएल

उंची १५४१ मीटर. कडेला बर्फात रस्ता कळावा म्हणून रोवलेले उंच खांब, दोन्हीकडे पिवळं गवत आणि ग्रॅनाइटचे धोंडे. वारा बाइकला आडवा ढकलतो. पलीकडच्या उतारांच्या माथ्यावर तार्न उगम पावते. थांबलो नाही.

दुपारी ३:००, ल पाँ-द-माँव्हेर

दोन ते पाच ही मुलूखभरची बंद वेळ. हॉटेलच्या दारावर चिठ्ठी, ‘स्वागतकक्ष ५ वाजता’. यात चिडण्यासारखं काही नाही. पहाटे पाव आणायला गेलेली आणि रात्री अकराला जेवणघर पुसणारी बाई एकच असते, तिने झोपायचं कधी? आमच्या वेळापत्रकात मी लिहून ठेवतो: पाचच्या आधी हॉटेलवर पोहोचायचं नाही, नदीच्या पुलाजवळ बसायचं.

दुपारी ४:१५, फ्लोराक

फोनची वेळ. एक-दोन ठिकाणं बुकिंग ॲपवर दिसतात, तरी मी थेट फोन करतो. ॲपवरच्या दरापेक्षा कमी दर हॉटेलवाल्याने देऊ नये, अशी अट पूर्वी करारात असे. फ्रान्सने २०१५ च्या कायद्याने ती रद्दबातल केली. आता मालक फोनवर मोकळेपणाने कमी दर सांगू शकतो, आणि ॲपला द्यायचं कमिशन वाचल्यामुळे पुष्कळदा सांगतोही. खोली, रात्रीचं जेवण आणि न्याहारी असा एकत्रित दर विचारायचा. डोंगरात रात्री दुसरीकडे जेवायला जाण्याची सोय नसतेच.

पहिल्या दोन ठिकाणी नकार आला. सप्टेंबरातला शनिवार, दोन्हीकडे लग्नाचं वऱ्हाड. तिसरीकडे एक खोली होती, सेंत-एनिमीला.

संध्याकाळी ५:४५, सेंत-एनिमी

इस्पान्याकनंतर रस्ता नदीला चिकटून जातो. वर चुनखडीचे कडे, खाली हिरवं पाणी, मधे दगडी कमानींचे बोगदे. गाव कड्याच्या पोटाशी बसलंय. मालकीण दारातच भेटल्या. मी पाहुणा आहे आणि पाहणीलाही आलोय, हे आधीच सांगितलं.

“आधी गॅरेज बघा,” त्या म्हणाल्या. बाइकवाल्याची काळजी त्यांना सांगावी लागली नाही.

जुना तबेला. फरशीचे दगड झिजून गुळगुळीत झालेले, दाराशी जरासा चढ. मी टेप काढून दाराची रुंदी मोजली: एक मीटर चाळीस. पॅनियर लावलेली बाइक अंग न घासता आत जाते. आत दहा बाइक दोन रांगांत बसतील, पण शेवटची आधी काढावी लागेल, म्हणून सकाळी लवकर निघणाऱ्यांनी सगळ्यात शेवटी लावायच्या. साइड स्टँडखाली ठेवायला लाकडी फळ्यांचे तुकडे कोपऱ्यात रचलेले होते. भिंतीत एक लांब लोखंडी दांडी, पूर्वी खोगिरांसाठी, आता ओल्या जॅकेटांसाठी. शेजारी बॉयलरची खोली, त्यामुळे हवा कोरडी आणि उबदार. सकाळपर्यंत हातमोजे वाळतील. चार तारे असलेल्या हॉटेलात मी वाळत घालायला हँगर मागितला तेव्हा मिळाला नव्हता.

वरच्या खोल्या अकरा. जिना अरुंद, लिफ्ट नाही, तेव्हा पॅनियर खालीच आणि आतल्या पिशव्या तेवढ्या वर. आणखी एक प्रश्न असतो, तो आमच्याकडच्या गटांना फार महत्त्वाचा. इथे दोघांची खोली म्हणजे बहुधा एकच मोठा पलंग. बँकेतले दोन मित्र तो वाटून घ्यायला तयार नसतात. “दोन वेगळे पलंग किती खोल्यांत?” “चार. आणखी दोन खोल्यांत घडीचा पलंग टाकून देते.” त्यांनी सहाही खोल्यांची दारं उघडून दाखवली. मी प्रत्येक गादीवर बसलो, नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, खिडकीची लाकडी झडप ओढून पाहिली.

संध्याकाळी ७:३०

जेवणाला उशिरा येऊन चालत नाही. इथे साडेआठनंतर स्वयंपाकघर नवीन ऑर्डर घेत नाही. आज ट्राउट मासा, नंतर चीजची पाटी. शेजारच्या टेबलावर गावातलं एक वयस्क जोडपं. मालकीणबाई त्यांना न विचारता वाइन ओतत होत्या.

त्या बसल्या तेव्हा बोलणं निघालं. पश्चिमेला ए-७५ हा महामार्ग झाला, २००४ मध्ये मियोचा पूल उघडला, आणि दक्षिणेकडे जाणारे लोक मुक्काम न करता एका दिवसात समुद्र गाठू लागले. उन्हाळ्यात खोल्या आजही भरतात. त्यांना चिंता असते ती जूनच्या सुरुवातीची आणि सप्टेंबरची. आमच्यासारखे गट नेमके तेव्हाच येतात. मी दोन रात्री मागितल्या; एका रात्रीसाठी सहा खोल्यांच्या चादरी बदलायला लावणं मला पटत नाही, आणि घळईत एक दिवस फिरायला हवाच.

रात्री ९:४५

टेबलावर वही. तारखा, सहा खोल्या, बारा पलंग, चार शाकाहारी, गॅरेज, एकत्रित दर, पर्यटन कर वेगळा. व्हिसासाठी प्रत्येकाच्या पासपोर्टवरच्या नावाने मुक्कामाचं पत्र लागेल, ते हॉटेल बंद करण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरअखेर, पाठवायचं त्यांनी कबूल केलंय. त्यांच्या पत्त्यावर मी नावांची यादी आत्ताच मेल करतो. स्पेलिंगं पासपोर्टवरून दोनदा ताडली.

उद्या रविवार. रविवारी रात्री आणि सोमवारी या खेड्यांतली बरीच जेवणघरं बंद असतात, त्यामुळे उद्याचा मुक्काम मियोत. सकाळी ला मालेन आणि ल रोझिए इथल्या दोन हॉटेलांची गॅरेजं तेवढी बघायची, बाराच्या आत.