लोखंडावरचा हवेचा थर

पवनेच्या एका काठाला पिंपळे गुरव, समोर दापोडी आणि कासारवाडी, त्यापलीकडे भोसरीची एमआयडीसी. आमच्या या भागात दर दोन-चार घरांमागे कुणीतरी फिटर, टर्नर किंवा मेंटेनन्सवाला सापडतोच. झीज म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. शाफ्टला प्ले आला, बेअरिंग आवाज करतंय, बुश ओव्हल झाला, ही त्यांची रोजची भाषा. कारण विचारलं तर लोड, स्पीड, ग्रीस आणि अलाइनमेंट या चार गोष्टींची नावं येतात. पाचवी गोष्ट मशीनभोवती चोवीस तास असते आणि तिचं नाव क्वचितच निघतं. ती म्हणजे हवा.

तिचा हात कुठे दिसतो, हे बघायला पुलर लावून एखादं जुनं बेअरिंग शाफ्टवरून काढावं. बसवण लूज असेल तर आतल्या रिंगखाली शाफ्टवर तपकिरी-लाल पूड दिसते. बोटावर घेतली तर गेरूसारखी रंगते, चिमटीत चोळली तर पिठासारखी बारीक लागते. पाणी आत गेलं आणि गंज चढला, असा निष्कर्ष पटकन निघतो. पण ही पूड भिजल्याने झालेली नसते. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी हालचाल लाखो वेळा होते. प्रत्येक वेळी पोलादाचे सूक्ष्म उंचवटे तुटतात, उघडा पडलेला धातू तत्क्षणी ऑक्सिजन घेतो आणि त्याचं लोह ऑक्साइड होतं. ही पूड कठीण असते आणि बाहेर पडायला तिला वाट नसते. म्हणून ती तिथेच राहून दोन्ही पृष्ठभाग खात बसते. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या टॉमलिन्सन यांनी एकमेकांना टेकलेल्या पोलादी पृष्ठभागांच्या या गंजण्यावर १९२७मध्ये निबंध लिहिला. तेव्हापासून या झिजेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला.

पुढच्या प्रयोगांतून दोन गोष्टी कळल्या. हवेऐवजी नायट्रोजन भरला की पोलादाची ही झीज खूप कमी होते, म्हणजे नुसतं घासणं पुरेसं नाही, ऑक्सिजन लागतो. दुसरी गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट आहे. दमट हवेपेक्षा कोरड्या हवेत ही झीज जास्त होते. उघड्यावर ठेवलेल्या जॉबला पावसाळा वाईट, पण लूज बसवणीला एप्रिलची दुपार जास्त जाचक. पुण्याचं हवामान या दोन टोकांमध्येच फिरतं. जुलैच्या सकाळी हवेतली सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, उन्हाळ्याच्या दुपारी ती वीस-पंचवीसपर्यंत उतरते. मशीन तेच, ग्रीस तेच, हवा मात्र निराळी.

मग हवा काढूनच टाकली तर? केंब्रिजमध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी १९३९मध्ये हेच करून पाहिलं. धातू निर्वातात तापवून त्यावर चिकटलेले वायू आणि ऑक्साइड उडवून लावले आणि मग ते एकमेकांवर घासले. घर्षण कमी होण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढलं. ऑक्सिजनचा नुसता मागमूस आत सोडला की ते पुन्हा खाली आलं. आपण ज्याला धातूवर धातू म्हणतो तिथे प्रत्यक्षात दोन ऑक्साइडचे थर आणि त्यांवर बसलेले पाण्याचे व वायूंचे रेणू भेटत असतात. लोखंडावर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप येणारा हा थर काही नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. तो निघाला की दोन्हीकडचे अणू थेट जोडले जातात आणि धातू थंड असतानाच सांधला जातो. सुदैवाने साध्या हवेत हा थर फार लवकर परत येतो. हवेचा दाब नेहमीच्या दाबाच्या जवळपास अब्जाव्या हिश्शाला आणला, तरी उघड्या पृष्ठभागावर वायूचा एक रेणुथर बसायला सेकंदभरच पुरतो. आपल्या दाबाला तर सेकंदाचा काही अब्जावा भागही चालतो.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर अर्ध्यात जाम होतो, मागेही येत नाही आणि शेवटी कापावा लागतो. हा अनुभव नसलेला फिटर मला भेटलेला नाही. आट्यांच्या दाबाखाली वरचा थर फाटतो, बंद जागेत नवा थर यायला हवा पुरत नाही आणि नट बोल्टला चिकटतो. मोलीची, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची, पेस्ट लावून सावकाश आवळण्याची जुनी सवय शास्त्रालाही धरून आहे.

याचं सर्वांत महाग उदाहरण पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवर घडलं. गुरूकडे निघालेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता. एप्रिल १९९१मध्ये तो उघडण्याची आज्ञा दिली, तेव्हा काही काड्या अडकल्या आणि तो पूर्ण उघडलाच नाही. तपास करणाऱ्यांना सर्वांत संभवनीय कारण दिसलं ते यानाच्या ट्रकप्रवासात. चॅलेंजर या स्पेस शटलचा अपघात जानेवारी १९८६मध्ये झाला आणि मोहीम लांबली. यान कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. रस्त्याच्या हादऱ्यांनी काड्यांच्या पिनांवरचं कोरडं वंगण घासून निघालं. जमिनीवर हवेने सांभाळून घेतलं, निर्वातात पिना अडकून बसल्या. शेवटी लहान अँटेनावरून कमी वेगाने माहिती मागवून मोहीम पार पडली. चाकणहून गाड्या आणि मशीन ट्रेलरवर लादताना हे आठवावं असं मला वाटतं. उभ्या गाडीचं बेअरिंग फिरत नाही, पण हादरत राहतं, आणि गोळ्यांच्या जागी खड्डे पडतात. अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या बाबतीत हे १९३०च्या दशकातच लक्षात आलं होतं.

ग्रॅफाइटची गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत आवडते. त्याचे अणू थरांत रचलेले असतात आणि हे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ते उत्तम वंगण, असं सगळे धरून चालले होते. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंच उडू लागली आणि त्यांच्या जनित्रांतले ग्रॅफाइटयुक्त कार्बन ब्रश, जे जमिनीवर शेकडो तास टिकायचे, काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, भुगा होऊ लागले. जनरल इलेक्ट्रिकचे रॉबर्ट सॅव्हेज यांनी युद्धानंतर दाखवून दिलं की ग्रॅफाइटला सरकायला पाण्याची वाफ लागते. उंचावरच्या हवेत ती जवळजवळ नसते. मोली नेमकं उलट वागतं. कोरड्या हवेत आणि निर्वातात ते उत्तम सरकतं, दमट हवेत त्याचं घर्षण वाढतं. म्हणून अवकाशयानात मोली चालतं, ग्रॅफाइट नाही.

कार्बन ब्रशचा आपला जुना संबंध घाटातल्या रेल्वेशी आहे. कल्याण-पुणे मार्गावर १९२९-३०च्या सुमारास विजेवरच्या गाड्या आल्या. मालगाड्या ओढणाऱ्या जाडजूड इंजिनांना लोकांनी ‘खेकडा’ नाव दिलं होतं, आणि त्यांच्या मोटारी ब्रशवर चालत. पण भोर घाटात हवेचा खरा खेळ रुळावर दिसतो. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात ती यासाठीच. कोरड्या रुळावर चाकाला मिळणारी पकड वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास असते. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो, त्यात पकड घटते पण बरीचशी टिकते. धोका असतो तो पहिल्या बुरबुरीत आणि धुक्यात. रुळावरचा बारीक गंज आणि थोडंसं पाणी यांचा लगदा होतो आणि पकड दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याखालीही उतरते. इंजिनाखालच्या नळीतून चाकापुढे वाळू सोडली जाते, ती हा लगदा फोडायला. अर्थात वाळूने पकड येते तशी चाकाची आणि रुळाची झीजही वाढते.

मोटारीच्या ब्रेक डिस्कवर हेच लहान प्रमाणात घडतं. रात्री पाऊस झाला की बिडाच्या डिस्कवर सकाळी नारिंगी पापुद्रा दिसतो. पहिले दोन-चार ब्रेक कर्कश लागतात, मग पॅड तो खरवडून काढतात आणि डिस्क पुन्हा चकाकते.

हवेतलं पाणी तेलात उतरलं की मामला आणखी गंभीर. गिअरबॉक्स दिवसा तापतो, रात्री निवतो. निवताना ब्रीदरमधून दमट हवा ओढतो आणि आत दव धरतं. टिमकेन कंपनीच्या कँटली यांनी १९७७मध्ये मोजमाप करून दाखवलं, की तेलात दहा हजारांत एक भाग पाणी असताना बेअरिंगचं जे आयुष्य, ते चार भाग झाल्यावर निम्म्याहूनही खाली येतं. एवढं पाणी डोळ्यांना दिसतही नाही. तेल पांढुरकं होण्याच्या किती तरी आधी नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून ब्रीदरला सिलिका जेलची डबी लावणं ही चैन नव्हे, भोसरीतल्या साध्या शेडलाही ती परवडते.

माझ्या पाहण्यात आलेल्या झिजेच्या टेस्ट रिपोर्टांत लोड, स्पीड, तेलाचा ग्रेड, तापमान सगळं नीट भरलेलं असतं, आर्द्रतेचा रकाना बहुधा नसतोच. फिरत्या तबकडीवर पिन दाबून झीज मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीत मात्र आर्द्रता नोंदवायला सांगितलेली आहे. पुणे हे हवामान खात्याचं शहर. १९२८मध्ये खात्याची कचेरी शिमल्याहून इथे आली. हवेची नोंद ठेवण्याचं महत्त्व इथे कुणाला नव्याने पटवावं लागू नये. टेस्ट बेंचशेजारी एक आर्द्रतामापक टांगायचा आणि प्रत्येक नोंदीपुढे त्याचा आकडा लिहायचा, इतकंच काम आहे. वर्षभर हे झालं की जुलैतला पॅड, बुश किंवा कोटिंगचा नमुना एप्रिलमधल्याशी ताडून बघता येईल, आणि सप्लायरने माल बदलला की हवा बदलली, या दर पावसाळ्यातल्या भांडणाला कागदावर उत्तर मिळेल.