जांभळ्या रसातून वीज

यंदा इथे डब्लिनमध्ये मुलीच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही बापलेकीने ब्लॅकबेरीच्या रसाचा सौर घट केला. जांभळे मिळाली असती तर तीच घेतली असती. दोन्हींचा रंग अँथोसायनिन याच कुळातला. मीटरवर जेमतेम ०.४ व्होल्ट आले. मुलगी हिरमुसली. "बाबा, रस आणखी दाट करू या का?"

दाट रसाने काम भागत नाही. या घटात ऊन रंग पकडतो आणि आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देतो. (टूथपेस्टला पांढरेपणा देणारी हीच ती पूड.) पण पुडीला चिकटलेला रंगाचा एकच थर कामाचा, त्यावर साचलेला रंग नुसती अडगळ. म्हणून लोझानच्या ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये पुडीचे कण काही नॅनोमीटरांइतके बारीक करून स्पंजासारखा थर दिला. रंगाला बसायला शेकडो पट जागा मिळाली आणि कार्यक्षमता ७ टक्क्यांवर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटानेही अशा थरांवर काम केले.

मग थरच जाड का करू नये? कारण इलेक्ट्रॉनला काचेपर्यंतची वाट लांब पडते आणि तो मध्येच आयोडिनच्या द्रावात गळतो. हा द्राव रंगाला गेलेला इलेक्ट्रॉन परत देतो. तो ते झटपट करतो खरा, पण त्यापायी बरेच व्होल्ट वाया जातात, शिवाय तो धातू गंजवतो आणि कालांतराने झिरपतो. त्याऐवजी तांब्याची संयुगे वापरल्यावर व्होल्ट वाढले.

म्हणजे एक घटक सुधारला की दुसऱ्यावर ताण येतो. प्रयोगशाळेतील छोट्या घटाने २०२२ मध्ये १५ टक्के ओलांडले. छपरावरची सिलिकॉनची पॅनेले २० टक्क्यांच्या आसपास वीज देतात आणि पंचवीस वर्षे टिकतात. म्हणून छपरासाठी मी आजही सिलिकॉनच सुचवीन. मात्र घरातल्या मंद दिव्याखाली पारडे फिरते: २०१७ मध्ये तांब्याचा द्राव असलेल्या अशा घटाने १००० लक्स उजेडात २८.९ टक्के गाठले. ती वीज थोडीच, पण एखाद्या छोट्या सेन्सरला पुरेशी.

मुलीने रस दाट केला नाही. तिने पुडीचा थर पातळ आणि एकसारखा दिला, आणि दोन्ही घटांचे आकडे तक्त्यावर शेजारी शेजारी लिहिले.